‘सवय करून घ्या’ म्हणण्याआधी कान तपासा

गणपती विसर्जन झालं की पुढचे काही दिवस कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एक ठरावीक तक्रार येते. कानात शिट्टी वाजतेय, थांबतच नाही. कुणाला रातकिडे ओरडल्यासारखं वाटतं, कुणाला ‘सूंऽऽ’, कुणाला लांबून कुकर वाजल्यासारखं. बाहेर तसा आवाज कुठेच नसतो. याला टिनिटस म्हणतात, आपल्याकडे कर्णनाद. आणि यावर पेशंटला फार वेळा मिळणारं उत्तर म्हणजे, ‘याला औषध नाही, सवय करून घ्या.’ सोबत चक्करच्या गोळ्यांची चिठ्ठी.

औषध नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे. टिनिटस कायमचा घालवणारी गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. पण ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, न करता हे वाक्य पेशंटला ऐकवणं मला सरळसरळ चूक वाटतं. कारण टिनिटस हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे, आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे ऐकण्यातली घट असते. ती पेशंटलाही माहीत नसते.

माहीत का नसते, हे समजून घ्या. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी मोठ्या आवाजाने मरतात तेव्हा पहिला फटका साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुरांच्या, पट्ट्याला बसतो, त्यातही ४,००० च्या आसपास. मरलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते शाबूत राहतात. स, श, थ, फ यांसारखी व्यंजनं मात्र वरच्या पट्ट्यावर अवलंबून असतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण नीट कळत नाही.’ शांत खोलीत समोरासमोर तो व्यवस्थित बोलतो. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा मागच्या खोलीतून हाक मारली की अडतो. घरच्यांना वाटतं लक्ष नाही. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो, जसं स्टेशन नीट लागलं नाही की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि मग खरखरही मोठी होते. टिनिटसचं सध्या सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण साधारण असंच आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी ही लक्षात ठेवा. एका कानाला अचानक, काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत कमी ऐकू येऊ लागलं, सोबत त्याच कानात आवाज सुरू झाला, तर ती तातडीची बाब आहे. ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून लोक थेंब घालत आठवडा काढतात, आणि तोच आठवडा मोलाचा असतो. आतल्या कानाची अशी अचानक घट असेल तर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत व्हायला हवा, जितका लवकर तितका बरा. घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा हुंकार द्या. आवाज बसलेल्या कानात जास्त घुमला तर मळ किंवा सर्दीची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाची शंका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अर्थात हा नुसता अंदाज आहे. हुंकार कुठेही घुमला तरी अचानक बसलेल्या कानाची तपासणी लांबवू नका.

तसंच, फक्त एकाच कानात येणारा टिनिटस आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धप धप’ वाजणारा टिनिटस हे दोन्ही ‘सवय करा’च्या रांगेत बसत नाहीत. पहिल्यात क्वचित श्रवणाच्या मज्जातंतूजवळची गाठ असू शकते. चाचणीत दोन्ही कानांत फरक दिसला तर एमआरआय सांगतात, तो टाळू नका. दुसऱ्यात रक्तवाहिन्या, रक्तदाब, रक्तक्षय, थायरॉईड हे सगळं बघावं लागतं. चक्कर आणि कान भरल्यासारखं वाटणं सोबत असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, पेशंट बऱ्याचदा ते निघता निघता सांगतात.

चाचणी कशी होते? आधी कानात दुर्बीण घालून मळ आणि पडदा बघतात. मळ असेल तर तो काढल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. घट्ट मळ चार-पाच दिवस थेंब घालून मऊ करतात, मग काढतात. पाण्याने धुणार असतील तर पाणी शरीराइतकंच कोमट हवं, गार पाण्याने गरगरतं. पडद्याला भोक असेल तर धुवायचंच नाही. याच कारणासाठी घरी लसणीचं तेल कानात घालू नये. भोक आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून एकेका कानात बारीक सूर वाजवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. दर वेळी आवाज १० डेसिबलने कमी करत जातात, ऐकू येईनासा झाला की ५-५ ने वाढवतात, म्हणजे नेमकी पायरी सापडते. २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत हे चालतं. नंतर कानामागच्या हाडावर कंपनाचं यंत्र ठेवून तेच करतात, त्यातून बिघाड बाहेरच्या-मधल्या कानाचा की आतल्या, हे ठरतं. कागदावरच्या आलेखात, म्हणजे ऑडिओग्रामवर, उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. टिनिटस असलेल्यांची इथे हमखास अडचण होते, कारण वाजलेला सूर मशीनचा की स्वतःचा, हे कळत नाही. हे आधीच सांगा. मग सलग सुराऐवजी तुटक सूर देतात, तो वेगळा ओळखू येतो. आणि खात्री नसली तरी अगदी पुसट वाटलं की बटण दाबा. चाचणीच्या आधी १४ ते १६ तास मोठ्या आवाजात राहू नका, नाहीतर तात्पुरती घट कायमची म्हणून कागदावर येते.

शिबिरांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. मंगल कार्यालयात पंखे चालू, बाहेर माईक, आणि एका टेबलावर मोफत श्रवणतपासणी. अशा ठिकाणी खालच्या पट्ट्याचे सूर गोंगाटात बुडतात आणि चांगला कानही नापास होतो. उलट १,००० आणि २,००० हर्ट्झ एवढेच सूर वाजवून ‘नॉर्मल’ असा शिक्का मारला, तर आलेखातली ४,००० ची खाच निसटून जाते. म्हणजे ज्याच्यासाठी तपासणी करायची, तेच हुकतं. त्यामुळे तीन गोष्टी विचाराच. ४,००० आणि ६,००० तपासलं का, मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, वर्षभरात झालंय का, आणि तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का. श्रवणयंत्राच्या दुकानातली मोफत तपासणी वाईटच असते असं नाही, पण यंत्र घ्यायच्या आधी त्या दुकानाशी संबंध नसलेल्या ठिकाणी एकदा चाचणी करून घ्या.

आता ढोल-ताशा. पथकांबद्दल मला मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे लिहितोय. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या नायोश संस्थेचा हिशेब असा, ८५ डेसिबलमध्ये ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, १०० ला फक्त १५ मिनिटं. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर दरवर्षी आवाज मोजतात, आणि काही वर्षी सरासरीच १०० च्या वर गेली आहे. ही रस्त्यावर उभ्या माणसाची गोष्ट झाली. ताशेवाल्याच्या कानापासून ताशा हातभर अंतरावर असतो, टोल, म्हणजे धातूची तबकडी, वाजवणाऱ्याचंही तेच. शिवाय धोका एका मिरवणुकीचा नाही. नदीकाठचा सराव आठवडेच्या आठवडे रोज संध्याकाळी चालतो, आणि कानाचा हिशेब तिथेच बिघडतो.

सरावानंतर कान बधिर, आत शिट्टी, आणि सकाळी सगळं ठीक, हा अनुभव बहुतेक वादकांना ओळखीचा असेल. सकाळी ठीक वाटलं म्हणजे कान बरा झाला, असं मात्र नाही. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की आवाजानंतर चाचणी पूर्ववत आली तरी काही भागात केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जवळजवळ निम्मे जोड तुटलेले होते. माणसातही असंच होत असावं असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणून ऑडिओग्राम सरळ आला तरी शिट्टी वाजतेय म्हणणाऱ्याला खोटं ठरवू नका. गोंगाटात शब्द किती कळतात, याचीही चाचणी असते, ती मागून घ्या.

कापूस कानात घालून फारसं काही होत नाही, जेमतेम काही डेसिबल अडतात. फोमचे इअरप्लग स्वस्त असतात आणि चालतात, पण घालण्याची पद्धत चुकली तर तेही कापसाइतकेच. स्वच्छ बोटांनी प्लग गुंडाळून बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. समोरून बघणाऱ्याला तो बाहेर आलेला दिसला तर नीट बसलेला नाही. पाकिटावर ३० डेसिबल लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात निम्मं धरा. ‘प्लग घातला की ठेका कळत नाही’ ही वादकांची तक्रार खरी आहे, फोम वरचे सूर जास्त दाबतो. त्यासाठी सगळे सूर सारखे कमी करणारे वादकांचे इअरप्लग मिळतात. ते महाग आहेत. पण ढोलांवर जो खर्च होतो त्यात ताशा आणि टोल वाजवणाऱ्यांपुरते तरी नक्की बसतील.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या धोट्याच्या यंत्रमागांवर तर हे बारा महिने चालतं. कारखाना नियमांत ८ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे. वरच्या हिशेबाने ९० ला अडीच तासच मिळतात, म्हणजे आपली मर्यादाच सैल. आवाजाने आलेला बहिरेपणा जुन्या कारखाना कायद्यात नोंद करण्याजोगा आजार होता, ईएसआय (राज्य कामगार विमा) कायद्यात व्यावसायिक आजारांच्या यादीतही होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्यांची जागा घेतलेल्या कामगार संहितांमध्येही तो आहे. पण कामाला लागतानाची ऑडिओमेट्रीच नसेल तर घट कामामुळे झाली हे मागवाला सिद्ध कशी करणार? लहान शेडमधले कितीतरी कामगार तर या कायद्यांच्या कक्षेतच येत नाहीत.

अजून एक गट आहे, ज्याच्याकडे अजिबात लक्ष जात नाही. अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन अशी अँटिबायोटिक इंजेक्शनं आणि कर्करोगातलं सिस्प्लॅटिन यांनी आतला कान दुखावू शकतो. सुरुवात ८,००० च्या वरच्या पट्ट्यात होते आणि पहिली खूण बऱ्याचदा टिनिटसच असते. उपचार सुरू व्हायच्या आधी एक चाचणी आणि मधे मधे पुढच्या, हे व्हायलाच हवं. शिट्टी सुरू झाली तर लगेच डॉक्टरांना सांगा. औषध मनाने मात्र बंद करू नका.

चाचणी झाली, घट सापडली, मग काय? घट असेल तर श्रवणयंत्राने अनेकांचा टिनिटसही मागे पडतो, कारण मेंदूला बाहेरचा आवाज पुन्हा मिळू लागतो. टिनिटसचा त्रास किती, हे टीएचआय नावाच्या २५ प्रश्नांच्या फॉर्मवर मोजतात. यंत्राने मोजलेली शिट्टीची पातळी बहुतेकांची ऐकण्याच्या उंबरठ्याच्या जेमतेम ५-१० डेसिबल वर असते, तरी एकाला झोप लागत नाही आणि दुसऱ्याचं काही अडत नाही. त्रास आवाजाच्या पातळीवर कमी आणि मेंदू त्याला किती धोका मानतो यावर जास्त ठरतो. म्हणूनच सीबीटी या मानसोपचार पद्धतीचा पुरावा यात सर्वात भक्कम आहे. ‘मानसोपचार’ म्हटलं की पेशंट रागावतात, पण यात तुमचं दुखणं काल्पनिक आहे असं कुणी म्हणत नाही. रात्री पूर्ण शांतता टाळा. पंखा किंवा पावसाचा आवाज शिट्टीपेक्षा थोडा कमीच ठेवा, शिट्टी बुडवायची नाही. गिंको, झिंक यांसारख्या पूरक गोळ्यांवर पैसे घालवू नका, अमेरिकन कान-नाक-घसा संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत ती देऊ नयेत असंच म्हटलं आहे.

पन्नाशीनंतर साखर-बीपीसारखी श्रवणचाचणीही ठरवून करा. जागतिक आरोग्य संघटना ५० ते ६४ वयात दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर एक ते तीन वर्षांनी सांगते. चाचणी सरकारी मेडिकल कॉलेजांच्या कान-नाक-घसा विभागात होते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय आहे. रिपोर्टची मूळ प्रत जपून ठेवा, नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेली चिठ्ठी पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडत नाही.

पथकप्रमुखांना एकच मागणं. नवीन वादकाच्या नोंदणी अर्जात रक्तगटाखाली ऑडिओग्रामची एक ओळ घाला. पहिली चाचणी सराव सुरू होण्याआधी, दुसरी विसर्जनानंतर दोन आठवडे कानाला विश्रांती देऊन. २,०००, ३,००० आणि ४,००० हर्ट्झवरचं ऐकणं सरासरी १० डेसिबल किंवा जास्त बिघडलं असेल तर त्या वादकाला पुढच्या वर्षी ताशावरून ध्वजाकडे हलवा, आणि तपासणीला पाठवा.