हातातल्या कन्सोलवर युद्धाचे शूटर खेळता येत नाहीत, या दाव्याचा प्रतिवाद

लष्करी फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे सैनिकाच्या डोळ्यांतून पाहत बंदूक चालवायचा युद्धाचा खेळ, हा प्रकार हातात धरायच्या कन्सोलसाठी नाहीच, हे विधान गेली कित्येक वर्षे इतक्या ठामपणे फिरत आहे की नवे यंत्र घेऊ पाहणारा माणूस ते सहसा तपासूनही पाहत नाही. त्याच्या समर्थनार्थ चार कारणे सांगितली जातात: पीएसपी आणि व्हिटा या सोनीच्या हातातल्या कन्सोलांच्या अपयशाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे, माऊसशिवाय नेम धरता येत नाही, स्क्रीन इतकी लहान असते की दूरचा शत्रू दिसत नाही, आणि ऑनलाइन सामन्यांत अशा खेळाडूचा निभाव लागत नाही. यांपैकी शेवटच्या कारणात काही तथ्य आहे, बाकीची तीन मला मान्य नाहीत, आणि ज्या अडचणीने आज खरोखर वाट अडवली आहे तिचा या दाव्यात उल्लेखच नाही.

इतिहासापासून सुरुवात करतो, कारण दाव्याचे मूळ तिथेच आहे. 2004 च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या पीएसपीला अॅनालॉग स्टिक, म्हणजे अंगठ्याने हव्या त्या दिशेला कमी-जास्त ढकलायची कांडी, एकच होती. त्यामुळे अनेक शूटरमध्ये डाव्या अंगठ्याने चालायचे आणि उजवीकडच्या त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, फुली या बटणांनी नजर फिरवायची, अशी तडजोड करावी लागे. बटणाला दाबलेले आणि सोडलेले या दोनच अवस्था कळतात. त्यामुळे बंदुकीचे टोक हळूहळू शत्रूवर आणता येत नसे आणि नेम हमखास पुढे निघून जाई. हा दोष खराच होता, पण तो त्या यंत्राच्या रचनेचा होता. एवढे असूनही 2006 च्या ‘मेडल ऑफ ऑनर हीरोज’मध्ये 32 खेळाडू एकाच ऑनलाइन सामन्यात उतरू शकत होते, ही गोष्ट अपयशाचा पाढा वाचणारे सांगत नाहीत.

व्हिटाचे उदाहरण तर दाव्याच्या विरोधातच जाते. दोन स्टिक आणि पाच इंची स्क्रीन असलेल्या या यंत्रावर 2012 मध्ये ‘रेझिस्टन्स: बर्निंग स्काइज’ आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स डीक्लासिफाइड’ आले, आणि दोन्हींवर टीका झाली. दोन्ही निहिलिस्टिक या एकाच स्टुडिओने केले होते, आणि दुसऱ्याची एकट्याने खेळायची मोहीम तर जेमतेम तासाभरात संपत असे. पुढच्याच वर्षी गरिला केंब्रिजने ‘किलझोन: मर्सिनरी’ आणला. ‘किलझोन 3’चे इंजिन त्यांनी व्हिटासाठी बेतून घेतले, आणि प्रत्येक मोहीम अचूक नेम, गुपचूप हालचाल किंवा विध्वंस अशा वेगवेगळ्या कंत्राटांखाली पुन्हा खेळावीशी वाटेल अशी बांधली. या खेळाचे चांगले स्वागत झाले. यंत्र तेच, स्टिक त्याच, स्क्रीन तीच. बदलले ते कारागीर आणि त्यांनी घेतलेली मेहनत. मग आधीच्या दोन खेळांचा दोष यंत्राच्या माथी मारण्याचे कारण उरत नाही.

माऊसचा मुद्दा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा, कारण नुसत्या स्टिकपेक्षा माऊस अधिक अचूक असतो याबद्दल वाद नाही. परंतु दावा करणारे गायरोला विसरतात. निन्टेन्डोचा स्विच आणि व्हॉल्व्हचा स्टीम डेक या हातातल्या दोन्ही कन्सोलांत यंत्र किती आणि कोणत्या वेगाने फिरले हे मोजणारा संवेदक आहे. स्टीम डेकच्या स्टिकच्या माथ्याला स्पर्श कळतो. त्यामुळे उजवा अंगठा स्टिकवर टेकलेला असतानाच गायरो चालू राहील, अशी मांडणी करता येते. मोठे वळण स्टिकने घ्यायचे, आणि दुर्बिणीतून पाहताना शेवटचा अंश-दीड अंश मनगटाने साधायचा. सुरुवातीला नेम थरथरतो, लोक वैतागतात आणि सेटिंग्जमध्ये जाऊन गायरो बंद करून टाकतात. पण संवेदनशीलता कमी ठेवून काही दिवस सराव केला की खिडकीतून डोकावणारे डोके टिपण्यासाठी स्टिकशी झुंजावे लागत नाही. स्विचवरील ‘डूम’मध्ये ही सोय 2018 मध्ये नंतर जोडली गेली आणि त्याच वर्षी स्विचवर आलेल्या ‘वुल्फेन्स्टाइन 2’मध्ये ती सुरुवातीपासून होती. आवृत्ती काढणाऱ्यांनाही तिची गरज पटली होती, असाच याचा अर्थ मी घेतो.

स्क्रीनबद्दल बोलताना इंच मोजले जातात, अंतर मोजले जात नाही. सात इंची स्क्रीन 35 सेंटिमीटरवर धरली तर ती डोळ्यांसमोरचा सुमारे 24 अंशांचा कोन व्यापते, तर 43 इंची टीव्ही अडीच मीटरवरून जेमतेम 22 अंश व्यापतो. म्हणजे सोफ्यावर बसून टीव्हीवर खेळणाऱ्यापेक्षा हातात कन्सोल धरलेल्याला चित्र किंचित मोठेच दिसते. टेबलावरच्या 24 इंची मॉनिटरशी तुलना केली तर मात्र हातातली स्क्रीन निम्मी ठरते, हे मान्य करायला हवे. दूरचा शत्रू पुसट दिसतो तो पुष्कळदा स्क्रीनच्या आकारामुळे नव्हे, तर वेग टिकवण्यासाठी खेळाचे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, खाली आणल्यामुळे. तेथे सेकंदाला 40 फ्रेमची, म्हणजे 40 चित्रांची, मर्यादा घालून पाहावी. 30 ला एक फ्रेम 33.3 मिलिसेकंद टिकते, 60 ला 16.7 आणि 40 ला 25, म्हणजे बरोबर मध्ये. हालचालीत निम्मी सुधारणा मिळते आणि बॅटरीवरचा भारही आटोक्यात राहतो. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी 40 वॉट-तासांची असल्याने जड खेळात ती दोन तासांच्या आसपासच पुरते, ही तक्रार रास्त आहे.

राहिले ऑनलाइन सामने. पीसीच्या खेळाडूंबरोबर एकाच सामन्यात उतरल्यास समोर माऊसवाले असणार आणि बरोबरीच्या कौशल्याचा माऊसवाला वरचढ ठरणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु स्टीम डेकवाल्याची खरी अडचण त्याही आधी येते. स्टीम डेक विंडोजवर नव्हे, तर लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएसवर चालतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या ऑनलाइन फसवणूक पकडणाऱ्या (अँटी-चीट) यंत्रणांनी 2021 मध्येच प्रोटॉनसाठी, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रणालीसाठी, वाट मोकळी केली, पण ती वापरायची की नाही हे प्रत्येक प्रकाशक ठरवतो, आणि अलीकडच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ तसेच ‘बॅटलफील्ड’साठी तर प्रकाशकांच्या स्वतःच्या, विंडोजच्या गाभ्यात शिरणाऱ्या अँटी-चीट यंत्रणा आहेत. त्यामुळे स्टीमओएसवर त्यांचे सामने सुरूच होत नाहीत. खेळाडू कितीही तरबेज असो, त्याने कितीही सराव केलेला असो. विंडोजवर चालणाऱ्या आरओजी अॅलायसारख्या यंत्रावर ही अडचण येत नाही. ज्याला मुख्यतः हेच सामने खेळायचे आहेत त्याने यंत्र निवडताना सर्वांत आधी ही गोष्ट पाहावी. ज्याला एकट्याने मोहिमा खेळायच्या आहेत, त्याला स्टीम डेक घ्यायला या कारणाने अडण्याची गरज नाही.