रायफलची घरगुती अवजारे: खानापूरच्या वाचकांच्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय वाचक,
सप्रेम नमस्कार.

घरी तयार केलेल्या अवजारांनी रायफल कशी निगुतीने ठेवावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल मनःपूर्वक आभार. नळी साफ करण्याच्या घरगुती पितळी गजाने नळीचे नुकसान होते, खोबरेल तेलाचा बोळा पुरेसा असताना बाकीचा खटाटोप व्यर्थ आहे, आणि असे लेख वाचून आपल्या सीमाभागातील परवानाधारक शेतकरी बंदुका उघडून बसतील व कायद्याच्या कचाट्यात सापडतील, असे आपले म्हणणे आहे. यातील शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही, आणि नळी आखूड करण्यावर कलम ६ चे बंधन आहे. रानडुकरांपासून ऊस-भुईमूग राखण्यासाठी मिळालेला परवाना या कामांना पुरत नाही, हे आपण लिहिलेत ते योग्यच आहे. परंतु माझ्या लेखातील प्रत्येक अवजार एकाच कसोटीवर निवडलेले आहे: त्याने बंदुकीवरचा मळ निघावा, बंदुकीचा धातू कणभरही निघू नये. चापाच्या यंत्रणेला कानस लावणे, नळीचे तोंड घासणे, सैल झालेला भाग ठोकून बसवणे ही कामे परवानाधारक कारागिराचीच आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उत्तम लेथ आणि उत्तम हात दोन्ही आहेत, तरीही बंदुकीचा भाग घेऊन तिथे जाऊ नये, हे मी पुन्हा आग्रहाने सांगतो. स्प्रिंगवर चालणारी रायफल उघडण्याविषयी मी जे लिहिले, ते ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलपुरते आहे, कारण २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिला परवान्याची अट नाही.

आता गजाविषयी. नळी बिघडते ती बहुतेक वेळा तोंडाशी. गोळी ज्या कडेवरून बाहेर पडते, त्या कडेला गज वाकून घासू लागला की कड एका बाजूने झिजते आणि नेम हळूहळू ढळतो. त्यामुळे गज घरचा की दुकानचा, यापेक्षा तो सरळ आहे का, अखंड आहे का आणि मागच्या बाजूने जातो का, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढता येणाऱ्या रायफलमध्ये गज मागूनच घालावा. तोंडाकडून घालण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हा नळीच्या तोंडावर सैलसर बसणारी, मधोमध छिद्र असलेली सागवानी किंवा नायलॉनची गुंडी बसवावी, म्हणजे गज कडेला टेकत नाही. लेखातली ही गुंडी आपल्या नजरेतून निसटली असावी. पितळ मऊ असल्यामुळे त्यात वाळूचे कण रुततात व नळी खरवडतात, हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गज पुसावा. बाजारातील स्वस्त संचांत मात्र तीन तुकड्यांचे जोडगज असतात आणि त्यांच्या सांध्यांच्या कडा हेच नुकसान अधिक जोराने करतात.

गजावाचूनही चांगले काम होते. ली-एनफिल्ड रायफलच्या दस्त्यातील पोकळीत तेलाच्या बाटलीसोबत दोरी ठेवलेली असे, आणि तिला चार बाय दोन इंचांची फलालीनची पट्टी अडकवून ती नळीतून ओढत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्याकडे गावोगावी माजी सैनिक आहेत; त्यांना ही पद्धत विचारून पाहावी. एअर रायफलला तर गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी आणि कापडाचा तुकडा एवढे पुरते. तिची नळी तुलनेने मऊ आणि छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे तिथे तारेचा ब्रश नकोच.

डिसमिसबद्दल आपण काही लिहिले नाही, पण मला स्वतःला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती चेपलेल्या, ओरखडलेल्या स्क्रूंकडे पाहून. साध्या डिसमिसचे पाते पाचरीसारखे निमुळते असते, ते खाचेच्या वरच्या कडांनाच टेकते, आणि जोर लावताच निसटून दस्त्यावर ओरखडा काढते. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद व समांतर भिंतींची असते. म्हणून एक जुना डिसमिस त्या खाचेच्या मापाने दोन्ही बाजूंनी समांतर घासून घ्यावा. घासताना तो वारंवार पाण्यात बुडवावा, कारण पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरते आणि टोक पिळले जाते. येथे धातू निघतो तो अवजाराचा, बंदुकीचा नव्हे.

एअर रायफलची स्प्रिंग आत दाबलेल्या स्थितीत असते. लांब आणि भक्कम क्लॅम्पमध्ये धरल्याशिवाय मागचा ठोकळा सोडवला, तर तो अंगावर उडतो. ज्याच्याकडे असा क्लॅम्प नाही, त्याने रायफल उघडूच नये.

राहिले खोबरेल. ते साधारण २४ अंशांखाली थिजते, आणि आपल्याकडच्या थंडीत तर रोज रात्री थिजते. शिवाय कालांतराने ते चिकट होऊन धूळ धरते. ठासणीच्या बंदुकीत तर कोणतेही तेल आधी घालू नये, कारण काळ्या दारूचा क्षार तेलात विरघळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून गंज मात्र वाढवतो. तो गरम पाण्याने धुवावा, नळी पूर्ण कोरडी करावी आणि मगच पातळ खनिज तेलाचा हात फिरवावा. एअर रायफलच्या दट्ट्यापुढे मात्र खनिज तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. हवेच्या दाबाने ते पेटते आणि वॉशर व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. आपल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात बंदूक चामड्याच्या खोळीत ठेवण्याची जी रीत आहे, तीही सोडावी, कारण खोळ ओल धरून ठेवते. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ती कुलूपबंद, कोरड्या कपाटात उभी ठेवावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात ठेवावीत.