इंजिनला स्प्रेची चटक लागत नाही, त्याचं कॉम्प्रेशन गेलेलं असतं

थंडी पडली की ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी तो मला पाठवला. मेसेजचा सार असा: गार इंजिन चालू करायला हवेच्या वाटेत मारतात त्या स्टार्टिंग स्प्रेमध्ये ईथर असतं आणि ईथर म्हणजे नशा. एकदा स्प्रे मारला की इंजिनला त्याची चटक लागते, मग ते साध्या डिझेलवर पेट घेत नाही. सिलिंडरमध्ये ईथरचा थर बसतो. सवय मोडायची असेल तर स्प्रे बंद करा आणि काही दिवस हिटर चालू ठेवून एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा पेटता बोळा धरा. पेट्रोल गाड्यांचंही तसंच. आणि स्प्रेवर चालू होणारा जुना ट्रॅक्टर विकत घेऊ नका.

मामांनी खाली लिहिलं होतं की उद्यापासून बोळा सुरू करतो. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी बोळ्याचंच बोलू, कारण बाकी सगळं चुकीचं असलं तरी जिवावर बेतणारं हेच आहे. मेसेजवाल्याच्या मते ईथर घातक आणि पेट्रोल सौम्य. मुळात पेट्रोल ईथरचं काम करूच शकत नाही. डिझेल इंजिनमध्ये ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेतं. ठिणगीशिवाय आपोआप पेटायला ईथरला सुमारे 160 अंश सेल्सिअस तापमान पुरतं, डिझेलला 210 च्या आसपास लागतं आणि पेट्रोलला त्याहून जास्त, साधारण 250 च्या घरात किंवा वर. म्हणजे जे इंजिन डिझेल पेटवू शकत नाही, ते पेट्रोल कुठून पेटवणार? बोळ्याने कधी इंजिन चालू होतं ते आत जाणाऱ्या हवेला जाळाची ऊब मिळते म्हणून. आणि तो जाळ हवेतला ऑक्सिजन आधीच खाऊन टाकतो, तो तोटा वेगळाच.

आता जागा बघा. एअर क्लीनर बॉनेटखाली, शेजारी डिझेलचे पाइप, बॅटरी, वर्षानुवर्षांचं तेलकट काट. जुन्या ट्रॅक्टरला ऑईल बाथ एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीत ऑईल, नव्याला कागदी फिल्टर. सेल्फ मारला की इंजिन जोरात हवा ओढतं आणि हवेबरोबर जाळही ओढतं. चिंधीचा पेटता तुकडा आत गेला तर तो कुठे अडकेल ते कुणीच सांगू शकत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. एक माणूस सीटवर आणि दुसरा हातात जाळ घेऊन बॉनेटपाशी उभा, हा उपाय इंजिन सुधारण्यासाठी सुचवला जातोय, याचा मला मनापासून राग येतो.

त्यात भर म्हणजे “हिटर चालू ठेवा”. ज्याने कालच स्प्रे मारलाय आणि ज्याच्या हाताशी कॅन आहे, तो बोळ्याने जमलं नाही की परत स्प्रेच उचलणार, आणि तेव्हा हिटर तापलेला असणार. हा हिटर म्हणजे बऱ्याचदा सिलिंडरमधली हवा तापवणारा ग्लो प्लग, त्याचं टोक 800 अंशांच्या वर जातं. काही जुन्या मॉडेलांच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा नेणाऱ्या पाइपात, थर्मोस्टार्ट असतो, त्यात तर तापलेल्या तारेवर डिझेल पडून आतच ज्योत पेटते. अशा ठिकाणी ईथरची फवारणी केली तर स्फोट मॅनिफोल्डमध्येच होतो, फवारणाऱ्याच्या तोंडासमोर. हिटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनवर ईथर मारू नका, हा इशारा कॅनवरही असतो आणि बऱ्याच मॅन्युअलांतही. मेसेजमधलं हे एक वाक्य नेमकं त्याच्या उलट दिशेला ढकलतं.

आता चटक.

इंजिन म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम. मागच्या वेळी काय जाळलं ते त्याला आठवत नाही. ईथर माणसाला गुंगी आणतं हे खरं. 1846 साली बॉस्टनच्या इस्पितळात ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करून दाखवली गेली आणि भूलशास्त्राची वाट मोकळी झाली. पण ती गुंगी येते मज्जासंस्थेला. पिस्टनला मज्जासंस्था नसते.

थराची गोष्ट तर त्याहून पोकळ. ईथर 34.6 अंशांना उकळतं. म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानालाही ते द्रवरूपात टिकत नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं ईथर एका स्ट्रोकमध्ये जळतं, उरलं तर वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. त्याचा थर कसा बसेल? इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्यावर जो काळा थर दिसतो तो अर्धवट जळलेल्या डिझेलचा आणि वर चढलेल्या ऑईलचा कार्बन असतो.

आणि चटक लागत असती तर इंजिन बनवणाऱ्यांनीच ईथरची सोय केली असती का? कॅटरपिलर आपल्या मोठ्या डिझेल इंजिनांना ईथर सोडणारी यंत्रणा देते. इंजिनचा कंट्रोलर तापमान बघतो, गरज असेल तेवढंच मोजून ईथर सोडतो आणि नसेल तर सोडत नाही. जॉन डियरनेही थंड मुलखातल्या ट्रॅक्टरांना ईथरच्या कॅनची जोडणी आणि बटण दिलं होतं. उत्तर अमेरिकेत उणे तापमानात ही यंत्रं अशीच सुरू होतात आणि उन्हाळ्यात ईथरशिवायही सुरू होतात.

मग मामांना जे दिसलं ते काय? मागच्या हिवाळ्यात एखाद-दुसऱ्या पहाटे स्प्रे लागायचा, यंदा रोज लागतो. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फमध्ये चालू. हा अनुभव खोटा नाही, अर्थ चुकीचा लावलाय. पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरचं आतलं अस्तर म्हणजे लायनर झिजले की दाबलेली हवा खाली निसटते, यालाच कॉम्प्रेशन जाणं म्हणतात. हवा कमी दाबली गेली की कमी तापते. कागदावर डिझेलला 210 अंश पुरतात, पण फिरत्या इंजिनमध्ये क्षणार्धात पेट घ्यायला त्याहून बरीच जास्त उष्णता हवी. गार लोखंड आणि सावकाश फिरणारा सेल्फ असला की ती मिळत नाही. ईथरला कमी लागते, म्हणून ते पेटतं. वर्षभरात झीज वाढली, म्हणून यंदा स्प्रे रोज लागला. गुडघा झिजलेल्या माणसाने काठी घेतली, तर काठीने गुडघा झिजवला असं कुणी म्हणत नाही.

निफाडला अनेकदा राज्यातली सगळ्यात कडक थंडी पडते, तरी धड असलेलं डिझेल इंजिन पाच-सात अंशांना स्प्रेशिवाय चालू व्हायलाच हवं. होत नसेल तर कुठेतरी बिघाड आहे.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल, जिवावर येत असली तरी. स्प्रेचा मारा वाढला की इंजिनची खरंच वाट लागते, आणि मग ते आणखी अवघड चालू होतं. डिझेल कधी सोडायचं हे पंप ठरवतो, पण ईथर हवेबरोबरच आत शिरतं. पिस्टन वर येत असतानाच ते पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला खाली दाबतं. तो खाड्खाड आवाज त्याचाच. जास्त मारलं तर रिंगांमधल्या पिस्टनच्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं, कनेक्टिंग रॉडही वाकू शकतो. शिवाय सिलिंडरच्या भिंतीवरची ऑईलची पातळ पापुद्री धुऊन निघते. म्हणजे झिजलेल्या इंजिनवर स्प्रे आणि स्प्रेमुळे आणखी झीज, असं चक्र सुरू होऊ शकतं. लोक त्याला सवय म्हणत असतील तर तेवढ्यापुरतं त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पण सवय म्हटलं की माणूस सवय सोडवायला जातो आणि रिंगा तशाच राहतात. ही झीज कुठल्याही बोळ्याने भरून निघत नाही.

मामांना मी जे सांगितलं ते इथेही लिहितो. आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा, चासीला जाणारी अर्थची वायर गंजली नाही ना ते बघा. सेल्फ सावकाश फिरला तर नवं इंजिनही गारठ्यात पेटणार नाही. मग सेल्फ मारताना सायलेन्सरकडे लक्ष द्या. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही: फिल्टर तुंबलाय, फीड पंप कमजोर झालाय किंवा लाइनने एअर घेतलीय. आतापर्यंत स्प्रे मारलाच असेल तर त्यावरूनही कळतं. भडकून लगेच बंद पडत असेल तर दोष डिझेलच्या वाटेत. एकदा पेटल्यावर दिवसभर नीट चालत असेल तर दोष कॉम्प्रेशनमध्ये, हिटरमध्ये किंवा सेल्फच्या वेगात. इंजिन चालू असताना ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, भकाभका धूर येत असेल तर रिंगांवर संशय घ्या. मग डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्या, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट सेट करा आणि फिटरकडून कॉम्प्रेशन गेज लावून घ्या. इंजिन उतरवायचं की नाही ते त्या गेजचा आकडा बघून ठरवा. सकाळी फवारणीचा ब्लोअर घेऊन द्राक्षबागेत जायची घाई असते हे मला कळतं. तोवर दोन दिवस दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणा, पण जाळ हातात घेऊ नका.

पेट्रोल गाड्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. तिथे पेटवायचं काम स्पार्क प्लगचं. स्प्रेवर चालू होऊन बंद पडत असेल तर पेट्रोल येत नाही, कार्ब्युरेटर किंवा पंप बघा. चटक तिथेही लागत नाही.

जुना ट्रॅक्टर घेण्याबद्दलचा सल्ला मात्र कारण चुकीचं असूनही कामाचा आहे. जो रोज स्प्रे मागतो त्याचं इंजिन बांधायला, म्हणजे खोलून नवे भाग टाकायला, आलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तो खर्च घेणाऱ्याच्या बोडक्यावर येतो. विकणारा तुमच्यासमोर स्प्रे मारणार नाही, तुम्ही यायच्या आधी मारून ट्रॅक्टर गरम करून ठेवेल. म्हणून सौदा करायला सकाळी लवकर जा, आपण येईपर्यंत चालू करू नका असं आदल्या दिवशीच सांगा आणि पोचल्यावर आधी हेडला हात लावून बघा. गरम लागलं तर त्या दिवशी भावाची बोलणी करू नका, दुसऱ्या सकाळी न सांगता जा.