साखळीतला ‘आणि’

इंदुरात अकरावीच्या पालकांच्या गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे: “दुहेरी असमानता कधीच तोडू नका. वेळ जातो, दोन उत्तरं येतात. तिन्ही भागांवर एकच क्रिया करा. केवलमूल्यालाही हीच युक्ती.” दुहेरी असमानता म्हणजे अ < ब < क अशी साखळी; तोडणं म्हणजे तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या सोडवणं. केवलमूल्य |क्ष| म्हणजे क्षचं शून्यापासूनचं अंतर. रामबागेतल्या माझ्या शिकवणीत हिंदी माध्यमाची मुलं ‘असमिका’ म्हणतात, घरी आपण असमानता म्हणतो. नाव काहीही असो, हा सल्ला मुलांचे मार्क घालवतो.

“वेळ जातो” यात तथ्य आहे. −३ ≤ १ − २क्ष < ७ मध्ये तिन्हीकडून १ वजा केला, −२ ने भागताना दोन्ही चिन्हं उलटवली, की २ ≥ क्ष > −३. इथे तोडायची गरज नाही, मान्य.

पण “कधीच” नाही? क्ष − १ < २क्ष + ३ < ३क्ष + १ सोडवून पाहा. तिन्हीतून क्ष वजा करा, २क्ष करा, ३क्ष करा. क्ष दोन ठिकाणी उरतोच. तोडलं की डावीकडून क्ष > −४, उजवीकडून क्ष > २. दोन्ही एकदम खरं हवं, म्हणून क्ष > २.

“दोन उत्तरं” हा मूळ गैरसमज. अ < ब < क म्हणजे ‘अ < ब आणि ब < क’, थोडक्यात लिहिलेलं. तोडल्यावर अटी दोन होतात, उत्तर एकच: दोन्ही संचांचा छेद, म्हणजे दोन्हींत बसणाऱ्या किमती. मुलं दोन ओळींमध्ये ‘आणि’ लिहीत नाहीत, घोटाळा तिथे होतो. कोडिंग शिकणाऱ्यांनी तर हे जपायलाच हवं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा हा ‘आणि’ स्वतः समजून घेते. सी भाषेत मात्र ० < क्ष < ५ लिहिलं, तर आधी ० < क्ष तपासून ० किंवा १ मिळतो आणि तोच ५ शी ताडला जातो. मग क्ष १०० असला तरी अट खरीच! तिथे साखळी आपणच तोडून लिहावी लागते.

केवलमूल्याचा भाग सर्वात घातक. |क्ष| < ३ ची साखळी होते: −३ < क्ष < ३. पण |क्ष| > ३ साठी मुलं ३ < क्ष < −३ लिहून येतात. मधला क्ष बोटाने झाका, उरतं ३ < −३. इथे हवा ‘किंवा’: क्ष > ३ किंवा क्ष < −३. सराफ्यातलं सोन्याचं दुकान बंद कधी असतं? उघडण्याआधी किंवा मिटल्यानंतर. एकच क्षण दोन्हीकडे कसा असेल?

ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला, त्यांनी त्याच गटात |२क्ष − १| ≥ ५ हे गणितही टाकावं. उत्तर: क्ष ≥ ३ किंवा क्ष ≤ −२.