अण्णांनी गारा खेचून आणल्या होत्या का?

आज ऑफिसात सक्तीचं 'माइंडसेट' वर्कशॉप होतं. स्टेजवर कानाला माइक लावलेले एक सर. प्रत्येकाला एक चकचकीत डायरी मिळाली. त्यात आपली इच्छा लिहायची: सकाळी 3 वेळा, दुपारी 6, रात्री 9. तेही 'मिळालंच आहे' असं समजून. इथपर्यंत मी हसत होतो. शाळेत हे शिक्षा म्हणून करायचो, इथे त्याला नाश्ता होता.

मग सर म्हणाले, "आयुष्यात चांगलं-वाईट जे काही घडतं, ते आपणच आपल्या विचारांनी खेचून आणतो."

तिथे डोकं फिरलं माझं.

आमची निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग. अण्णांचीही एक वही होती, फवारणीची. तारीख, औषध, लिटरला किती, पाऊस झाला का. मागच्या पानांवर उधारी. डिसेंबरात कडाका पडला की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं. मी गोधडीतून बघायचो. धुराने डोळे लाल झालेले अण्णा ओसरीवर बसून लिहितायत: 'शेकोटी. पाणी 2 तास.' बस, एवढंच.

मार्च 2014. व्यापारी सौदा करून गेलेला, दोन दिवसांनी तोडणी. दुपारी आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा. वीस मिनिटं. नंतर बागेत गेलो तर पायाखाली मणी फुटत होते आणि सगळीकडे गोड वास. अण्णांनी चिखलातला एक घड उचलला, फिरवून बघितला आणि परत खाली ठेवला. फेकला नाही हो. ठेवला.

आता सांगा सर, हा कुठला विचार नडला त्यांना? त्या दिवसांत नाशिकपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत गारपिटीने माणसं उद्ध्वस्त झाली, ती काय सगळी एकदम निगेटिव्ह झाली होती?

मेहनतीला फळ येतंच असं नाही, मान्य. अण्णांनाच आलं नाही. आणि माझ्या शेजारची सहकारी डोळे मिटून रडली, म्हणाली, हलकं वाटलं. वाटू दे. तिच्या घरचं मला माहीत आहे, तिला हसणार नाही मी. पण 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणाऱ्याला आपण आळशी म्हणायचो ना? आता हरीच्या जागी युनिव्हर्स आलं, आणि खाटल्यावर पडायची फी लागते. दोन वर्षं इन्क्रिमेंट नाही, तेही बहुतेक आम्हीच नीट आकर्षित केलं नसेल! कंपनी सुटली.

जाऊ दे. चिडून लिहायला बसलो होतो, पण तो घडच डोळ्यांसमोर येतोय.

मघाशी अण्णांना फोन लावला. म्हटलं, गारपिटीनंतर एप्रिलात पुढच्या हंगामासाठी वेलींची खरड छाटणी घेतलीत, तेव्हा मनात काय होतं तुमच्या?

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मनात कशाचं काय? पेठची मजुरांची टोळी सकाळी सातला येऊन उभी होती. परत पाठवायची का त्यांना?"

डायरीचं सांगितलं, 3-6-9 पण सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "रेघा आहेत का तिला? मग दे पाठवून."