घाटात तास मोजायचे आणि विमानात किलोमीटर?

परवा पुतण्या आला होता. लेकीकडे न्यू जर्सीला जायचं तिकीट दाखवलं, तर पठ्ठ्याने लगेच मोबाइलवर हिशोब मांडला. "काकू, मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. ताशी ९०० धरले तर १४ तास. मग जाताना सोळाच्या वर आणि येताना चौदाच, असं कसं?"

मी म्हटलं, कोथरूडहून मुंबईचं विमानतळ दीडशे किलोमीटर. ताशी ८०ने दोन तासही लागायला नकोत. पोहोचलायस कधी?

मग म्हणाला, पृथ्वी फिरते म्हणून असेल. अरे बाबा, पृथ्वी पूर्वेकडे फिरते. तसं असतं तर पश्चिमेला जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे चालत आलं असतं! पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच. फरक पडतो तो वाऱ्याने. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते, हिवाळ्यात तर फारच जोरात. जाताना ती तोंडावर, येताना पाठीशी. फेब्रुवारी २०२० मध्ये एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात.

मला सगळ्यात आवडतो तो एअर इंडियाचा किस्सा. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, पूर्वेकडे पॅसिफिकवरून नेलं, म्हणजे वारा पाठीशी. अंतर झालं १५,३०० किलोमीटर आणि वेळ साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोनेक तास आधी पोहोचले! आता सांगा, यातला जवळचा रस्ता कुठला?

वाऱ्याचं एक वेळ ऋतूवरून तरी समजतं. माणसांनी बंद केलेल्या आकाशाचं काय? २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीचा हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. शहरं जागच्या जागीच होती. काही फेऱ्या थेट उत्तर ध्रुवावरून जायला लागल्या, आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र! (आपल्याकडे कुणी दिलं असतं तर फ्रेम करून हॉलमध्ये लागलं असतं.) एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना तेल भरायला व्हिएन्नाला उतरावं लागलं.

म्हणून मला कुणी "किती लांब आहे हो?" विचारलं की मी किलोमीटर सांगतच नाही. घरापासून घरापर्यंतचे तास सांगते. घाट, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, तिकडची इमिग्रेशनची रांग, जावयाची पार्किंगची शोधाशोध, सगळं धरून २८ तास. गुडघ्यांचा हिशोब वेगळा.

पुतण्याला काही हे फारसं पटलेलं दिसलं नाही. सोडायला मात्र तोच येणार आहे. काल त्याचा मेसेज आला : "काकू, शनिवार आहे, घाटात गर्दी असेल. दोन तास आधी निघू."