“कुठे जायचंय हेच माहीत नसताना बाई घराबाहेर पडते कशी?” या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. निवृत्त आहात, नातवंडांत रमलात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.

दिवाळीनंतरच्या माझ्या कर्नाटकातल्या बदामीच्या सहलीबद्दल वाचून तुम्ही रागावलात. भाचीने परस्पर बेत आखायचा आणि मावशीने कुठे जायचं हे न विचारता पहाटे सोलापूर स्टेशनवर जाऊन गाडीत बसायचं, हा तुमच्या मते शुद्ध बेजबाबदारपणा. सगळं दुसऱ्यानेच ठरवलं तर त्याला ‘एकटीचा प्रवास’ का म्हणायचं, हा तुमचा दुसरा आक्षेप. अमेरिकेतली फॅडं इकडे कशाला, तेवढ्या पैशात घरातली सगळी तिरुपतीला जाऊन आली असती, हा तिसरा. आणि शेवटी, “आमच्या हिने असलं काही कधी मागितलं नाही.” तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

आधी सुरक्षिततेचं, कारण तिथली तुमची काळजी खरी आहे. पण मला ठाऊक नव्हतं म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. गाडी कुठली, लॉज कुठला, तिथला फोन नंबर, परतीचं तिकीट, सगळं आमच्या ह्यांना पहिल्यापासून माहीत होतं. दिरांना आणि जाऊबाईंनाही. घरात माहीत नव्हतं ते फक्त मला. शिवाय भाचीच्या हाती बेत सोपवण्याआधी माझ्या अटी मी सांगून ठेवल्या होत्या. परत कधी यायचं ते मी ठरवलं, कारण जेवायला येणारी कॉलेजची पोरं गावाहून परत यायच्या आत माझी खानावळ सुरू व्हायला हवी. खर्च किती ते मी सांगितलं. अनोळखी गावात रात्री उतरणार नाही, आणि मराठी, कानडी, हिंदी यांतलं काहीच चालत नाही अशा मुलखात जाणार नाही, हेही सांगितलं. या चौकटीतच तिला गाव शोधायचं होतं. म्हणून तर तिने मुंबईहून पहाटे सोलापुरात येणारी गाडी निवडली, जी बदामीला उजेडात पोचवते.

आता एकटीचा प्रवास कसा, ते. काका, माझी खानावळ आहे. कॉलेजची मुलं जेवायला येतात, काहींचे डबे जातात. रात्री भांडी आवरली की पहिला प्रश्न उद्या भाजी कुठली. कुणाला वांगं चालत नाही, कुणाचा गुरुवार, कुणाला भाकरी हवी, कुणाला पोळीच. घरात तेच, सणावाराला तेच. सहलीला गेलो तरी गाडीत शिदोरी सोडणारी मी, सासूबाईंना चढ झेपेल का ते बघणारी मी, मुलाला भूक लागली म्हणून देवळातून आधी बाहेर पडणारी मी. कष्टांची मला कुरकुर नाही. पण सतत सगळ्यांसाठी ठरवत राहायचं, हा एक वेगळाच शीण असतो आणि तो झोपून जात नाही. तो जायचा तर थोडे दिवस दुसऱ्या कुणीतरी ठरवावं लागतं. आणि बरोबर माणसं असली की तीन तासांत मी पुन्हा डबे उघडून वाढायला लागते. म्हणून बेत दुसऱ्याचा आणि जाणं एकटीचं. ही दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही.

बेत तिचा असला तरी तिथे पोचल्यावर माझं मीच बघायचं होतं. लॉजवर मिळालेल्या पहिल्या खोलीची कडी नीट बसत नव्हती. मॅनेजर म्हणाला, इथे कुणी येत नाही, काळजी करू नका. मी पिशवी उचलून बाहेर उभी राहिले आणि दुसरी खोली घेतली. सकाळी लेण्यांकडे जायचं की तळ्यावर, कुठे किती वेळ बसायचं, कुणाशी बोलायचं, यातलं काहीही भाचीने लिहून दिलेलं नव्हतं.

पहिल्या लेण्याच्या बाहेर, उजव्या अंगाला १८ हातांचा नटराज आहे. तिथले गाईड सांगतात की हातांच्या वेगवेगळ्या जोड्या लावल्या तर ८१ मुद्रा होतात. लोक येतात, ऐकतात, फोटो काढतात, पुढे जातात. मी एकेका हातावर तळवा धरून बाकीचे झाकून बघत बसले. एक डावा, एक उजवा, आता हा पाय कसा दिसतो. तांबड्या दगडात मनगटाचा बाक इतका मऊ काढलाय की बघता बघता मान दुखायला लागली. “चला आता, पुढचं बघायचंय” असं म्हणणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा शिलालेख आहे, इसवी सन ५७८ चा. तो मला वाचता आला नाही, पण त्याच्यासमोरही हवा तितका वेळ बसले. खाली अगस्त्य तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. धोपटण्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा.

फॅडाबद्दल थोडंच. अमेरिकेत ‘पॅक अप अँड गो’ नावाची कंपनी २०१६ पासून हाच धंदा करते. तुमचं बजेट आणि आवड विचारतात, निघायच्या थोडं आधी हवामान कसं असेल आणि काय कपडे घ्यायचे ते कळवतात, आणि गावाचं नाव बंद पाकिटात पाठवतात. पाकिटाची युक्ती भाचीने तिथूनच उचलली, हे खरं. पण कंपनी फॉर्म भरून घेते, आणि फॉर्ममध्ये माणूस तेवढंच लिहितो जेवढं त्याला स्वतःबद्दल आठवतं.

तुमची प्रतिक्रिया वाचून मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटलं ते इथे. फलाटावर ह्यांनी माझ्या हातात पाकीट दिलं, होटगी सुटल्यावर उघड म्हणाले. गाडीच्या पाटीवर होस्पेट होतं, त्यामुळे मी मनात हंपी धरून बसले होते. पाकिटात निघालं बदामी, आणि खाली भाचीच्या अक्षरात, “मावशी, तिथून बनशंकरी पाच किलोमीटर. खण तिकडचाच घे.”

बनशंकरी माझ्या माहेरची कुलदेवी. लग्न झालं की बाईची कुलदेवी बदलते, तुम्हाला सांगायला नको. सासरची तुळजाभवानी, तुळजापूर इथून तासाभरावर, दरवर्षी जाणं होतं, मनापासून होतं. पण आईबरोबर लहानपणी गेलेली बनशंकरी मागे पडली ती पडलीच. मी कधी कुणाला म्हटलं नाही की मला तिकडे ने. कधीतरी भाचीच्या केसांना तेल लावताना म्हटलं असेन, तिथे समोर मोठं तळं आहे आणि बायका टोपलीत भाकरी घेऊन बसतात. ती पोर तेव्हा शाळेत होती. आज तिला स्वतःला समुद्र आवडतो. तिने स्वतःच्या आवडीने पाठवलं असतं तर मी गोकर्णाला वाळूत बसले असते. तिने स्वतःची आवड बाजूला ठेवून माझं बोलणं आठवलं. असं ठरवणारं माणूस नसेल तर या भानगडीत कुणी पडू नये, हे मीही म्हणेन.

बनशंकरीला ओटी भरली. खण गुळेदगुड्डचा, जो तिथून जवळच विणतात आणि आपल्याकडे सगळे लुगडी-खणवाले विकतात. देवळाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या एका आजींपुढे मांडी घातली. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, वर दही. आपल्याच घरचं जेवण, काका, फक्त रांधलं दुसऱ्या कुणी आणि वाढलंही तिनेच. मी मोडक्या कानडीत बोलले तर आजींनी विचारलं, सोलापूरकडची का. मग आणखी एक भाकरी ताटात टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

पैशाचं म्हणाल तर ते खानावळीतले, माझे. तिरुपतीला आम्ही सगळे जाऊन आलोय आणि पुन्हाही जाऊ.

राहता राहिल्या काकू. त्यांनी कधी मागितलं नाही असं तुम्ही लिहिता. ते खरंच असणार. मीही मागितलं नव्हतं. पण एकदा कागद घेऊन बसा आणि काकूंना काय काय आवडतं ते त्यांना न विचारता लिहून काढा. तुम्ही, मुलं आणि देव सोडून. नाही जमलं तर त्यांच्या बहिणीला किंवा जुन्या मैत्रिणीला फोन करा, त्यांना नक्की माहीत असेल. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय, तेव्हा लेण्यांच्या पायऱ्या नकोत. पट्टदकल बघा, बहुतेक देवळं सपाटीवर एकाच आवारात आहेत, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि बदामीहून रिक्षा जाते. गोळ्यांची चिठ्ठी आणि घरचे नंबर त्यांच्या पर्समध्ये घाला. लॉजला आधी स्वतः फोन करून तळमजल्यावरची, कडी नीट लागणारी खोली मागा. आणि त्या गेल्यावर दर तासाला फोन करून जेवलीस का विचारू नका. रात्री एकदा त्यांनी करायचा, असं ठरवून घ्या.